पृथ्वीच्या गाभ्यातून सोनं गळतंय म्हणे! पण हे एका काळ्या दगडावरून कळलं कसं?

मे २०२५ मध्ये ही बातमी तुमच्याही फीडवर येऊन गेली असेल. पृथ्वीच्या गाभ्यातून सोनं गळतंय आणि हवाईच्या ज्वालामुखीतून वर येतंय. थंबनेलवर एका बाजूला लालभडक लाव्हा, दुसऱ्या बाजूला सोन्याच्या विटा आणि खाली कमेंटमध्ये भाव कधी उतरणार याची चौकशी.

भाव उतरणार नाही, हे आधीच सांगून टाकूया. जर्मनीतल्या ग्योटिंगन विद्यापीठाच्या ज्या संशोधकांच्या कामावर ही बातमी बेतली होती, त्यांच्या शोधाचा आधार सोनं नव्हतंच. त्यांनी हवाईच्या दगडांमधलं रुथेनियम मोजलं होतं. रुथेनियम हा प्लॅटिनमच्या गोतावळ्यातला धातू. त्याच्या एका प्रकाराचं प्रमाण या दगडांमध्ये अपेक्षेपेक्षा किंचित जास्त निघालं. किंचित म्हणजे किती, तर दहा लाखांत काही भाग, असा हिशोब करावा लागेल इतकं किंचित. 'नेचर'मध्ये छापून आलं ते हे. सोनं बातमीत शिरलं, कारण गाभ्यातून रुथेनियम वर येत असेल तर त्याच्यासारखे वागणारे इतर मौल्यवान धातूही थोडेफार येत असणार, असा अंदाज बांधता येतो.

आता विचार करा. एका काळ्या दगडात एका धातूचं प्रमाण केसभर इकडचं तिकडे झालं, आणि त्यावरून त्या दगडातला माल २,९०० किलोमीटर खालून आलाय असं लोक म्हणू लागले. कशाच्या जोरावर? सोन्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी भारी आहे, आणि त्याचं उत्तर साठ वर्षांच्या कामात आहे.

खाली जाता येत नाही, ही खरी अडचण

जमिनीत सरळ खाली खणलेलं माणसाचं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पात आहे. सोव्हिएत काळात, १९७० मध्ये काम सुरू झालं आणि १९८९ मध्ये ते १२,२६२ मीटरवर पोहोचलं. पुढे खालच्या उष्णतेने यंत्रांचा घाम काढला आणि काम थांबलं. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर आहे. म्हणजे आपण आंब्याची सालसुद्धा धड टोचलेली नाही.

या सालीला म्हणायचं कवच. समुद्राखाली ते साधारण ६-७ किलोमीटर जाड असतं, खंडांखाली ३५-४० किलोमीटर. कवचाच्या खाली २,९०० किलोमीटरपर्यंत जो खडकांचा प्रचंड थर आहे तो प्रावरण, म्हणजे मँटल. त्याच्या आत लोखंडाचा गाभा. शाळेत चित्र काढून रंगवलं होतं, तेच. एक गोष्ट मात्र त्या चित्रामुळे हमखास चुकीची डोक्यात बसते. प्रावरण म्हणजे लाव्ह्याचा समुद्र नव्हे. ते बहुतांश घनच आहे, फक्त लाखो-कोटी वर्षांच्या हिशोबात ते हळूहळू वाहतं.

भूकंपाच्या लहरींवरून आतला आकार कळतो. कुठे घट्ट, कुठे जरा गरम, कुठे बुडालेल्या भूपट्टाचा तुकडा, हे सगळं दिसतं. पण तो माल किती जुना, पूर्वी कुठे होता, आधी कधी वितळून गेलाय का, हे लहरी सांगत नाहीत. त्यासाठी प्रत्यक्ष नमुना लागतो. आणि तो आपल्याकडे स्वतःहून चालत येण्याची एकच पद्धत आहे, ज्वालामुखी.

आमरसाचा हिशोब

पण ज्वालामुखीचा दगड म्हणजे प्रावरणाचा जसाच्या तसा तुकडा नाही. खालचा खडक थोडासाच वितळतो आणि तो वितळलेला भाग वर येतो. वर येताना त्याचे काही स्फटिक खाली बसतात, रसायन बदलतं. मूळ मालात काय होतं ते या गोंधळात कसं शोधायचं?

इथे आयसोटोप, म्हणजे समस्थानिकं कामाला येतात. एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, एवढाच त्याचा अर्थ. स्ट्रॉन्शियम-८६ आणि स्ट्रॉन्शियम-८७ हे दोघेही स्ट्रॉन्शियमच, रसायनात दोघांची वागणूक जवळपास सारखी, फक्त एक अंमळ जड.

समजा, तुम्ही तीन हापूस आणि एक पायरी असा आमरस काढला. आता त्यात दूध घाला, साखर घाला, वाटीत वाढा नाहीतर पातेल्यात ठेवा. रस पातळ होईल, गोड होईल, पण त्यातलं हापूस-पायरीचं प्रमाण तीनास एकच राहणार. खडक वितळताना असंच होतं. स्ट्रॉन्शियम एकूण किती वर आलं ते बदलतं, पण ८७ आणि ८६ यांचं गुणोत्तर खाली जे होतं तेच वर येतं. म्हणून दगड वर फुटला तरी त्याच्या अंगावर खालचा पत्ता शिल्लक राहतो.

मग हे गुणोत्तर वेगवेगळं होतं कशामुळे? किरणोत्सारामुळे. रुबिडियम-८७ हा अणू अतिशय सावकाश मोडून त्याचं स्ट्रॉन्शियम-८७ होतं. सावकाश म्हणजे, निम्मे अणू मोडायला जवळपास ४९ अब्ज वर्षं. पृथ्वीचं वय आहे साडेचार अब्ज. आता गंमत अशी की प्रावरण वितळतं तेव्हा रुबिडियम मोठ्या उत्साहाने द्रवात जातं, स्ट्रॉन्शियम त्या मानाने मागे रेंगाळतं. त्यामुळे वितळून वर आलेल्या मालात, आणि शेवटी खंडांच्या कवचात, रुबिडियम भरपूर. खाली उरलेल्या चोथ्यात ते नगण्य. दोन्हीकडे एक-दोन अब्ज वर्षं जाऊ द्या. ज्याच्याकडे रुबिडियम जास्त, त्याच्याकडे स्ट्रॉन्शियम-८७ जास्त साठतं.

असाच हिशोब सॅमेरियम आणि निओडिमियमचा. युरेनियम आणि थोरियम मोडून होणाऱ्या शिशाचा तर त्याहून बारकाईने लावता येतो, कारण तिथे एकाच वेळी तीन घड्याळं वेगवेगळ्या गतीने चालू असतात.

शिशाबद्दल एक आडवी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. उल्कांमधलं शिसं मोजून पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज वर्षं असं १९५६ मध्ये ठामपणे मांडणारे क्लेअर पॅटरसन हे मोजमाप करताना हैराण झाले होते. नमुन्यात सतत बाहेरचं शिसं मिसळायचं. धूळ, हवा, भांडी, माणसं, सगळ्यांवर शिसं. त्यासाठी त्यांनी अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि पुढे हे शिसं मोठ्या प्रमाणात पेट्रोलमधून येतंय हे दाखवून त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडले. भारतात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री बंद व्हायला २००० साल उजाडलं. दगडाचं वय मोजायला निघालेल्या माणसाने आपल्या फुप्फुसांवर उपकार केले, असं म्हणायला हरकत नाही.

बेटंच का?

समुद्राच्या मधोमध जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथेही लाव्हा येतो. पण तो वरच्या प्रावरणातून येतो आणि जगभर बराच एकसारखा असतो. त्याचं स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर साधारण ०.७०२५. म्हणजे हा तो चोथा, ज्यातून खंडांचा माल केव्हाच निघून गेला.

१९६४ मध्ये पॉल गॅस्ट, टिल्टन आणि हेज यांनी दक्षिण अटलांटिकमधल्या असेन्शन आणि गॉफ या दोन बेटांचे दगड तपासले. दोन्ही बेटं महासागरातली, आजूबाजूला खंड नाही, तरी शिसं आणि स्ट्रॉन्शियम दोघांचं वेगळं. प्रावरण नीट ढवळून एकजीव झालेलं असतं, तर हे शक्यच नव्हतं.

बेटांचा फायदा हाच. तिथे वर येणाऱ्या शिलारसाला फक्त पातळ महासागरी कवच ओलांडायचं असतं, तेही रसायनाने त्याच्याच जातीचं. खंडावरच्या ज्वालामुखीला ४० किलोमीटर जुनापुराणा ग्रॅनाइट पार करावा लागतो आणि वाटेत तो काय काय गिळून येईल याचा भरवसा नसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, सह्याद्रीकडे आल्यावर लागणार आहे.

पुढे बेटामागून बेट तपासलं गेलं. १९८६ मध्ये ॲलन झिंडलर आणि स्टॅन हार्ट यांनी सगळी आकडेवारी एकत्र मांडली, तेव्हा एक चित्र दिसलं. गाण्यात घराणी असतात तशी बेटांचीही घराणी. बेटांचे आकडे कसेही विखुरलेले नव्हते, ते मोजक्या टोकांकडे ओढलेले होते. एक टोक त्या चोथ्याचं. दुसरं 'हायम्यू', ज्यात शिशाचं गुणोत्तर फार वर जातं. दक्षिण प्रशांतमधलं मंगाया त्यातलं आणि सेंट हेलेना, जिथे नेपोलियनने शेवटचे दिवस काढले, तेही. उरलेली दोन 'समृद्ध प्रावरण' एक आणि दोन, म्हणजे ईएम-१ आणि ईएम-२. पहिल्यात पिटकेर्न, दुसऱ्यात सामोआ. नावं अगदीच सरकारी फॉर्मसारखी आहेत, पण त्यामागची गोष्ट तशी नाही.

कारण ही घराणी आली कुठून याचं उत्तर आल्ब्रेख्ट हॉफमान आणि विल्यम व्हाइट यांनी १९८२ मध्येच सुचवलं होतं. समुद्राचा तळ एका भूपट्टाखाली बुडतो, प्रावरणात खोल जातो, तिथे अब्जावधी वर्षं पडून राहतो आणि पुन्हा तापून बेट म्हणून वर येतो. थोडक्यात, पृथ्वी आपलाच जुना पृष्ठभाग परत वापरते.

हायम्यूचं कोडं यात बसतं. बुडताना तळातलं पाणी निघून जातं आणि जाताना शिसं सोबत नेतं, युरेनियम बरंचसं मागे राहतं. शिशाच्या मानाने युरेनियम जास्त, त्यामुळे कालांतराने युरेनियमपासून बनलेलं शिसं भरमसाट. सामोआचं उत्तर त्याहून थेट. २००७ मध्ये मॅथ्यू जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी सामोआच्या सवाई बेटाजवळ समुद्रतळावरून काढलेल्या लाव्ह्यात स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.७२०५ पर्यंत मोजलं. वर दिलेला आकडा आठवा, ०.७०२५. टायपिंगची चूक वाटेल, पण या मापात हा फरक राक्षसी आहे. यंत्रं पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापर्यंत मोजतात. खंडावरून झिजून समुद्रात गेलेला गाळ त्यात मिसळल्याशिवाय एवढी मजल गाठता येत नाही. म्हणजे कधीकाळी कुठल्यातरी नदीने वाहून नेलेला चिखल प्रावरणात जाऊन, पुन्हा लाव्हा बनून, प्रशांत महासागरात बाहेर आला.

मंगायाचं गंधक

तरी एक शंका उरते. 'जुना समुद्रतळ परत आला' ही गोष्ट आकड्यांवरून जुळवलेली आहे. हा माल कधी खरोखर उघड्या आकाशाखाली होता, याचा पुरावा काय? मला विचाराल तर या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर पुरावा इथे आहे.

सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. ऑक्सिजन नाही म्हणजे ओझोन नाही, म्हणजे सूर्याची अतिनील किरणं थेट खालपर्यंत. त्या काळी ज्वालामुखीतून हवेत गेलेल्या गंधकाच्या वायूंवर ही किरणं पडली की गंधकाच्या समस्थानिकांचं प्रमाण एका विचित्र पद्धतीने बदलायचं. एरवी हे बदल वजनाच्या प्रमाणात होतात, इथे तो नियम मोडायचा. हवेत ऑक्सिजन भरला आणि ही खूण उमटणं बंद झालं. त्यामुळे कुठल्याही दगडात ही खूण ठळक सापडली, तर त्यातलं गंधक अडीच अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत होतं असं समजायचं. दुसरा मार्ग नाही.

२०१३ मध्ये रीटा कॅब्रल, जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी मंगायाच्या लाव्ह्यातले ऑलिव्हिनचे हिरवट स्फटिक घेतले. त्यांच्या पोटात अडकलेले गंधकयुक्त खनिजाचे बारीक कण तपासले. लाव्हा फक्त २ कोटी वर्षं जुना. आणि कणांमध्ये ती खूण होती.

म्हणजे क्रम असा लागतो. जगात मासे नव्हते, झाडं नव्हती, श्वास घेण्याजोगी हवा नव्हती, तेव्हाच्या आभाळातलं गंधक समुद्रात उतरलं, तळासोबत बुडालं, प्रावरणात अब्जावधी वर्षं राहिलं आणि ऑलिव्हिनच्या स्फटिकात बंद होऊन एका छोट्याशा बेटावर बाहेर पडलं. एवढ्या काळात प्रावरणाला ते ढवळून मिसळून टाकता आलं नाही. २०१६ मध्ये पिटकेर्नच्या दगडांतही अशी खूण मिळाली, हे ते बेट, जिथे 'बाउंटी' जहाजावरचे बंडखोर १७९० मध्ये जाऊन लपले होते.

मग गाभा कुठून आला?

आतापर्यंत वरून खाली गेलेल्या मालाची गोष्ट झाली. पण काही बेटांमध्ये असंही काही आहे, जे कधी वर आलंच नव्हतं.

हेलियम-३ पृथ्वी बनतानाच आत अडकला, नंतर तो जवळपास तयार होत नाही. हेलियम-४ मात्र युरेनियम-थोरियम मोडताना सतत बनतो. त्यामुळे हेलियम-३ चं प्रमाण जास्त असेल, तर तो माल आजवर फारसा वितळून वायू गमावून बसलेला नाही असा अर्थ लावतात. समुद्रमध्य रांगांच्या लाव्ह्यात हे प्रमाण हवेच्या साधारण ८ पट असतं. हवाईजवळच्या समुद्राखालच्या लोइही ज्वालामुखीत ते तिशीच्या वर जातं. कॅनडाच्या बॅफिन बेटावरच्या जुन्या लाव्ह्यात २०२३ मध्ये ६७ पटीपर्यंत मोजलं गेलं.

टंगस्टन-१८२ ची गोष्ट आणखी जुनी. हा हाफ्नियम-१८२ पासून बनतो आणि त्याचं अर्धायुष्य फक्त ९० लाख वर्षांच्या आसपास. म्हणजे सूर्यमालेच्या बालपणीच हे दुकान बंद झालं. त्याच काळात गाभा वेगळा होत होता. टंगस्टन लोखंडासोबत गाभ्यात गेलं, हाफ्नियम प्रावरणात राहिलं. साहजिकच टंगस्टन-१८२ प्रावरणात जास्त, गाभ्यात कमी. २०१७ मध्ये हवाई आणि सामोआच्या दगडांत टंगस्टन-१८२ थोडं कमी भरलं, आणि जिथे हेलियम-३ जास्त तिथेच हे जास्त कमी. गाभ्याशी देवघेव झाली असावी हा संशय तेव्हापासून बळावला. विरोधकांचं म्हणणं, प्रावरणाच्या तळाशी पृथ्वीइतकाच जुना एखादा थर असेल तरी असे आकडे येऊ शकतात.

रुथेनियमचं महत्त्व इथे आहे. गाभा तयार झाल्यावर पृथ्वीवर आदळलेल्या उल्कांनी प्रावरणात जे रुथेनियम आणलं, त्याचं मिश्रण गाभ्यातल्या आधीच्या रुथेनियमपेक्षा जरासं वेगळं. हवाईच्या दगडांत रुथेनियम-१०० जास्त निघालं ते गाभ्याच्या बाजूने झुकणारं. दोन वेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, म्हणून बातमी मोठी. सोन्याच्या विटा थंबनेल बनवणाऱ्याने आणल्या.

आपल्या सह्याद्रीचं काय?

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास ज्या लाव्ह्याच्या थरांनी महाराष्ट्र झाकला, तो हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या तप्तस्थळातून आला, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी ज्वालामुखींची माळ उरली. शेवटी मॉरिशस आणि आज रियुनियन, जिथे पितों द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजूनही वरचेवर जागा होतो.

मग दोन्हीकडच्या दगडांचे पत्ते जुळवून मोकळं व्हावं ना? इथेच मघाचा मुद्दा आड येतो. सह्याद्रीचा लाव्हा जाड खंडीय कवचातून आला. रियुनियनचे दगड बेटभर आश्चर्य वाटावं इतके एकसारखे, स्ट्रॉन्शियम ०.७०४ च्या आसपास. आपल्याकडे थराथरांत फरक. या थरांच्या गटांना दिलेली नावं म्हणजे ट्रेकिंग ग्रुपची यादीच वाटते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. यातल्या बुशे गटात स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर ०.७१३ आणि त्याच्याही वर जातं, कारण त्याने वाटेत कवच भरपूर खाल्लं. आंबेनळी गट सगळ्यात कमी भेसळीचा मानला जातो. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या घाटाचं नाव म्हणूनच जगभरच्या शोधनिबंधांत भेटतं.

हेलियमने थोडी मदत केली. १९९३ मध्ये असीश बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थान-गुजरातमधल्या डेक्कन काळातल्या खडकांत हेलियम-३ चं प्रमाण हवेच्या १३.९ पटीपर्यंत मोजलं, रियुनियनच्या आकड्यांच्या शेजारचं. पण सगळ्यांना हे पटलेलं नाही. आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी डेक्कन आणि रियुनियन यांना जोडणारा खोल तप्त स्तंभ नव्हताच, खंड ताणला जाऊन फाटण्यातून हा लाव्हा आला, अशी बाजू वर्षानुवर्षं मांडली आहे.

शिवाय बेटंही दरवेळी निष्पाप नसतात. मॉरिशसच्या सुमारे ६० लाख वर्षं जुन्या खडकात तीन अब्ज वर्षांपर्यंत जुने झिरकॉनचे स्फटिक सापडल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. बेटाखाली एका हरवलेल्या खंडाचा तुकडा दडलेला आहे, असा त्याचा अर्थ लावला गेला.

रियुनियनच्या दगडांनी मात्र २०१८ मध्ये आणखी एक धक्का दिला. त्यात निओडिमियम-१४२ च्या प्रमाणात सूक्ष्म फरक सापडले. हा प्रकार सॅमेरियम-१४६ पासून बनतो आणि ते पृथ्वीच्या पहिल्या साधारण ५० कोटी वर्षांतच जवळजवळ संपलं. म्हणजे या बेटाखालचा काही माल चार अब्ज वर्षांहून आधी वेगळा झाला आणि आजवर पुरता मिसळलेला नाही. हे दगड आणि रायगडाखालचा कातळ एकाच चुलीवरचे आहेत का, यावरचा वाद अजून सुरूच आहे.